शेजारच्या घरातली नऊ माणसं

काका, आम्ही व्हर्जिनियात मनॅससजवळ, प्रिन्स विल्यम काउंटीत राहतो. १९८५ साली बांधलेल्या टाउनहाऊसांची रांग आहे. शेवटून दुसरं आमचं, शेवटचं एल साल्वादोरहून आलेल्या एका कुटुंबाचं. भाड्याचं नाही, त्यांचं स्वतःचं. बँकेने जप्त केलेलं घर त्यांनी २०१२ मध्ये घेतलं. आम्ही चौघं, ते नऊ: नवरा-बायको, तीन मुलं, तिची आई, त्याचा भाऊ, भावजय आणि त्यांचं वर्षाचं बाळ. भाऊ-भावजय-बाळ बेसमेंटमध्ये झोपतात. गाड्या पाच. छपरावर आमच्या बाजूला ऑक्टोबरपासून निळी ताडपत्री टाकलेली आहे.

मी एचओएच्या, म्हणजे इथल्या घरमालकांच्या संस्थेच्या, बोर्डावर आहे. पाचपैकी तिघं आपलेच. बोर्डाने काउंटीला पाठवायचं पत्र तयार केलंय: 'एका कुटुंबाच्या घरात प्रमाणाबाहेर माणसं, घराची दुर्दशा, परिसरातल्या किमतींवर परिणाम.' लागून घर माझं, म्हणून पहिली सही माझी हवी म्हणतात. मला पार्किंगचा वैताग येतो हे खोटं नाही. पण त्यांची मधली मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात आहे, आणि माझे बाबा लालबागच्या चाळीत एका खोलीत आठजणांत वाढले. सही करू का? नऊ माणसं राहणं बेकायदा आहे का?

– मेघना (नाव बदललं आहे)

मेघना,

सही करू नकोस. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमची बैठक तोंडावर असणार आणि मला एकदा सुरू झालं की थांबता येत नाही, असं घरचे म्हणतात.

मी बावीस वर्षं मेरीलँडमधल्या एका काउंटीत घरांचा इन्स्पेक्टर होतो. 'अमक्या घरात फार माणसं राहतात' अशी तक्रार दर आठवड्याला यायची. फोन करणाऱ्याला मी विचारायचो, तुमच्या लक्षात कधी आलं? बहुतेकजण जरा घुटमळून म्हणायचे, गाडी लावायला जागा मिळेना तेव्हा. तुझ्याही पत्रात माणसं मोजून होताच गाड्यांचा आकडा येतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोन पोरं आणि किराण्याच्या पिशव्या घेऊन लांबून चालत आलं की कुणालाही शेजाऱ्याची डोकी मोजावीशी वाटतात. पण पार्किंगचं भांडण पार्किंगच्या नियमाने भांडावं. दर घराला किती स्टिकर, पाहुण्यांना कुठला पास, ते सगळ्या रांगेला सारखं ठरवा आणि विषय संपवा. त्यासाठी काउंटीचा माणूस कुणाच्या बेसमेंटमध्ये उतरवायची गरज नाही.

बोर्डाच्या पत्रात तीन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात कोंबल्या आहेत. माणसं किती, घर कसं आहे, आणि आमच्या घराला भाव किती येईल. या गोष्टी एकत्र बांधल्या की वाचणाऱ्याला वाटतं, माणसं जास्त म्हणून घर वाईट, घर वाईट म्हणून भाव कमी. ती गाठ सोडवू.

नऊ म्हणजे जास्त का? इथली जनगणना घरातल्या माणसांना खोल्यांनी भागते. खोलीमागे एकापेक्षा जास्त माणूस झाला की घर गर्दीचं, दीडच्या वर गेला की अति गर्दीचं. खोली म्हणजे नुसती बेडरूम नव्हे. बैठकीची खोली, जेवणाची खोली, स्वयंपाकघर, नीट बांधून काढलेलं बेसमेंट हे सगळं धरतात. बाथरूम आणि पॅसेज धरत नाहीत. तुमच्या रांगेतलं घर तीन बेडरूमचं असेल तर अशा साधारण सात खोल्या भरतील. नऊ भागिले सात, १.२९. म्हणजे शेजारी आकडेवारीत गर्दीचे ठरले, अति गर्दीचे नाही. तुझे सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले की तुम्ही सहा भागिले सात. आणि लालबागची खोली? आठ भागिले एक.

ही रेघ काही दगडावर कोरलेली नाही. १९४० मध्ये अमेरिकेने पहिल्यांदा घरांची जनगणना केली, तेव्हा पाचांतलं एक घर या रेघेच्या वर होतं आणि जवळजवळ निम्म्या घरांत नळ, संडास, न्हाणी असं सगळं धड नव्हतं. तेव्हा गर्दी ठरवायचं मापही सैल होतं. देश श्रीमंत झाला तशी रेघ खाली सरकली. आज शंभरातली तीन-चार घरं तिच्या वर आहेत. हिस्पॅनिक, म्हणजे मुळात स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतल्या, कुटुंबांत हे प्रमाण बरंच जास्त आहे, आणि त्यांच्यातले स्वतःच्या घरात राहणारेही त्यातून सुटलेले नाहीत. पण हे सगळं मोजण्यापुरतं. खोलीमागे १.२९ झाली म्हणून कुणाला नोटीस जात नाही.

कायद्याचं म्हणशील तर तुला एका आजीची गोष्ट सांगायला हवी. ओहायोतल्या ईस्ट क्लीव्हलँडमध्ये इनेझ मूर नावाची बाई आपला मुलगा आणि दोन नातवांसह राहायची. नातू एकमेकांचे सख्खे भाऊ नव्हते, चुलतभाऊ होते. एकाची आई वारली म्हणून तो लहानपणीच आजीकडे आला होता. शहराच्या नियमात 'कुटुंबा'ची व्याख्या अशी काही बेतली होती की हा दुसरा नातू त्यात बसेना. शहराने आजीला नोटीस दिली की हा पोरगा घरात बेकायदा राहतो, त्याला काढा. तिने काढला नाही. तिला पाच दिवस तुरुंग आणि २५ डॉलर दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी आजी जिंकली. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती लुईस पॉवेल हे तुमच्या व्हर्जिनियाचेच. आजी, काका, मावशी, चुलतभावंडं एका छपराखाली राहणं ही या देशातलीही जुनी रीत आहे आणि नवरा-बायको-मुलं एवढंच कुटुंब असं शहराने ठरवू नये, असा त्याचा मथितार्थ.

हा निकाल असूनही तुझ्या घराजवळच, खुद्द मनॅसस शहराने डिसेंबर २००५ मध्ये तसलाच नियम केला. घरात जवळचेच नातेवाईक राहतील. काका, मावशी, भाचे-पुतणे बाद, मग घरातली एकूण माणसं मर्यादेत असली तरी. तो नियम कोणासाठी होता हे कुणाला सांगावं लागलं नाही. मोठा गदारोळ झाला, महिन्याभरात नियम गुंडाळावा लागला, प्रकरण कोर्टात गेलं आणि २००८ मध्ये शहराने पैसे मोजून तडजोड केली. तुमच्या बोर्डावर त्या काळी तिथे राहणारं कुणी असेल तर त्याला आठवत असेल. नसेल तर तू आठवण करून दे.

नात्यातली नसलेली माणसं एका घरात किती राहावीत, यावर गावाला मर्यादा घालता येते. तुझ्या शेजाऱ्यांत तर भाऊ, भावजय, सासू अशी सगळी नात्याचीच माणसं दिसतात. जागेच्या चौरस फुटांवर बेतलेली आणि प्रत्येक घराला सारखी लावलेली मर्यादाही चालते. जे चालत नाही ते म्हणजे निवडून एका घराला लावलेली पट्टी. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यात मूळ देशावरून भेदभाव करायला बंदी आहे, १९८८ पासून लेकरंबाळं असलेल्यांशी भेदभाव करायलाही. तुमच्या रांगेत किती घरांत आपल्याकडचे आई-बाबा सहा-सहा महिने राहून जातात? बाळंतपणाला दोन्हीकडचे येतात तेव्हा? त्यांच्याबद्दल बोर्डाने कधी पत्र लिहिलं? प्यू संशोधन केंद्राने २०२१ चे आकडे मांडले होते: अनेक पिढ्या एकत्र असलेल्या घरांत राहणारे हिस्पॅनिकांत २६ टक्के, आणि आपण ज्यांच्यात मोजले जातो त्या आशियाई लोकांत २४. दोन टक्क्यांचा फरक. बोर्डावरच्या तिघांना हे चहाबरोबर सांग. पत्रावर पहिली सही तुझी मागतात ती तू लागून राहतेस म्हणूनच, असंही समजू नकोस. बंदूक त्यांची, खांदा तुझा.

इथवर मी त्यांचा वकील वाटलो असेन. आता इन्स्पेक्टर म्हणून बोलतो.

घरांच्या देखभालीचा जो नमुना-कोड बरीच राज्यं आणि गावं थोड्याफार फरकाने वापरतात, त्यात एकट्या माणसाच्या बेडरूमला निदान ७० चौरस फूट लागतात, आणि एकाहून जास्त असतील तर माणशी ५०. काउंटीच्या वेबसाइटवर तुमच्याकडचा आकडा पडताळून घे. मोठी बेडरूम १२ बाय १४ म्हणजे १६८, तीन माणसं. मधली १० बाय ११, दोन. धाकटी ९ बाय १० म्हणजे ९०. दोघांना शंभर हवेत, म्हणून एकच. वरच्या मजल्यावर सहाजणं कोडप्रमाणे नीट मावतात. नऊ वजा सहा तीन, आणि ती तिघं कुठे आहेत ते तूच लिहिलं आहेस.

माझी सगळी चिंता त्या बेसमेंटच्या खिडकीची आहे. झोपायच्या खोलीला आगीत बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा थेट बाहेर उघडणारं दार लागतं. खिडकीचा खालचा काठ खोलीतल्या जमिनीपासून ४४ इंचांच्या आत, उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा निदान २४ इंच उंच आणि २० इंच रुंद, आणि एकूण ५.७ चौरस फूट; खिडकी बाहेरच्या जमिनीच्या पातळीला असेल तर ५ चालतात. यात लोक हमखास फसतात. २० गुणिले २४ करून खिडकी बसवतात, ती भरते जेमतेम ३.३ चौरस फूट. दोन्ही किमान मापं पाळूनही खिडकी नापास. हा आकडा हवेशीर वाटावं म्हणून नाही. पाठीवर हवेची टाकी बांधलेला अग्निशामक त्यातून आत शिरू शकला पाहिजे. १९८५ च्या बेसमेंटला बहुधा छताखाली एक आडवी, हातभर उंचीची फट असते. उजेडापुरती. तिच्यातून बाळसुद्धा बाहेर देणं कठीण.

आणि भिंत तुमची सामाईक आहे. इथे तुझा संबंध येतो, नक्की येतो.

आता ताडपत्री. तुझं पत्र वाचताना मी 'आमच्या बाजूला' आणि '१९८५' या दोन शब्दांपाशी थांबलो. १९८० च्या आसपास पूर्व किनाऱ्यावर टाउनहाऊसांची पीकं निघाली, तेव्हा आग एका घरातून शेजारच्या घरात छपरावरून जाऊ नये म्हणून बिल्डरांनी सामाईक भिंतीच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट आग-रोधक रसायन मुरवलेलं प्लायवूड घातलं. कल्पना चांगली होती. पण उन्हाळ्यात अ‍ॅटिक, म्हणजे छपराखालची पोकळी, तापलं की ते रसायन लाकडालाच खाऊ लागलं. पाच-दहा वर्षांत प्लायवूड काळपट पडून असं ठिसूळ झालं की बोटाने खारी बिस्किटासारखे पापुद्रे निघावेत. मेरीलँड, व्हर्जिनिया, न्यू जर्सी, सगळीकडे हा घोळ झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. छप्पर शाकारणारा माणूस पाय ठेवायचा आणि आत जायचा. बऱ्याच रांगांत ते नंतर बदललं गेलं, पण बँकेच्या ताब्यात पडून राहिलेल्या घरांचं कोण बघतो?

तुझ्या शेजाऱ्यांची गळती त्याच चार फुटांतली असावी असा माझा दाट संशय आहे. तसं असेल तर त्या छपराचा आणि खाली नऊ माणसं झोपतात याचा काडीचा संबंध नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या बिल्डरचा आहे. आणि भिंतीच्या तुझ्या बाजूलाही तेच प्लायवूड असायची शक्यता आहे.

माणसांचा भार घरावर पडतच नाही असं मी म्हणत नाही. नऊजणांच्या आंघोळी आणि दोन वेळचा स्वयंपाक म्हणजे रोज कितीतरी वाफ. बाथरूमचा पंखा ती बाहेर न टाकता अ‍ॅटिकमध्ये टाकत असेल (अशी घरं मी शेकड्यांनी पाहिली, तुमचंही एकदा बघून घे) तर काळी बुरशी ठरलेली. बेसमेंट गारठतं, मग पंधराशे वॅटचा हीटर येतो. पंधरा अँपिअरच्या लाइनवर तसा एक चालतो, दुसरा लावला की फ्यूज. मग कुणीतरी एक्स्टेन्शनची वायर गालिच्याखालून नेतो. हा खरा धोका. त्या काळच्या घरांत राखाडी प्लास्टिकचे, पॉलिब्युटिलीनचे नळही असतात. १९७८ ते १९९५ पर्यंत सर्रास घातले, आणि कधी फुटतील नेम नाही, घरात दोघं असोत की दहा.

इथे एक गंमत सांगतो. अमेरिकेत दर दोन वर्षांनी घरांची मोठी पाहणी होते, अमेरिकन हाउसिंग सर्व्हे. त्यात घर 'अपुरं' ठरवायची यादी आहे: गरम पाणी नाही, हिवाळ्यात हीटिंग पुन्हापुन्हा बंद पडलं, उघड्या वायरी, भिंतीला भोकं, उंदीर, कागदाच्या पानाएवढा तरी रंगाचा पोपडा सुटलेला, वगैरे. माणसं किती हा प्रश्न त्या यादीत नाहीच, ते वेगळं मोजतात. आणि नुसत्या एका गळक्या छपराने घर त्यात अपुरं ठरत नाही. बोर्डाचा 'दुर्दशा' हा शब्द जरा फुगलेलाच आहे.

मग ते छप्पर दुरुस्त का करत नाहीत, आणि भाऊ वेगळं घर का घेत नाही? त्यांची पासबुकं मी पाहिलेली नाहीत, पण या भागातल्या अशा घरांत मी पुष्कळ उठबस केली आहे. वॉशिंग्टनच्या आसपास लॅटिनो लोकांत सगळ्यांत जास्त साल्वादोरी आहेत. १९८० ते १९९२ च्या यादवीत माणसं निघाली, २००१ च्या भूकंपांनंतर आणखी आली. एक भाऊ आधी आला, त्याच्या मागे दुसरा, जसे कोकणातले लोक आधी गिरगावात काकांच्या खोलीवर यायचे. बँकेचं जप्तीचं घर स्वस्त मिळतं ते 'आहे तसं' या बोलीवर. खाली टाकायचे पैसे दोघा-तिघांनी मिळून जमवलेले असतात, हप्ताही दोन पगारांतून जातो. भाऊ निघून गेला तर हप्ता कोण भरणार? २०२१ च्या सुरुवातीला गृहकर्ज तीन टक्क्यांच्या आत मिळत होतं, २०२३ मध्ये सातच्या वर गेलं. मोठ्या घरात जायचं तर जुना स्वस्त हप्ता सोडून नवा महाग गळ्यात घ्यायचा. तुम्ही दोघं हे गणित जाणताच, नाहीतर तुम्हीही एव्हाना शेजारच्या महागड्या लाउडन काउंटीत गेला असतात.

एवढं करूनही हिस्पॅनिक कुटुंबांत स्वतःचं घर असलेली निम्म्याहून थोडी कमीच आहेत. गोऱ्या कुटुंबांत शंभरातली चौऱ्याहत्तरच्या आसपास. आणि त्यांच्या वाट्याला आलेली कर्जंही सरळ नव्हती. तेजीच्या काळात कंट्रीवाइड या कर्ज देणाऱ्या कंपनीने दोन लाखांहून जास्त कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कर्जदारांना, पात्रता तीच असून, महागडी कर्जं आणि जादा फी लावली, असा न्याय खात्याचा दावा होता. २०११ मध्ये ३३.५ कोटी डॉलरवर तो मिटला. तुझ्या शेजाऱ्यांच्या आधी त्या घरात कोण होतं आणि ते जप्त का झालं, माहीत आहे? मला माहीत नाही, पण त्या वर्षांतल्या प्रिन्स विल्यमच्या जप्त्यांमध्ये हिस्पॅनिक नावं भरपूर होती.

'स्वतःचं घर' या शब्दालाही फार भुलू नये. माझी भाची टेक्सासच्या टोकाला मॅकअ‍ॅलनला असते. तिच्याकडे गेलो की मी कोलोनिया बघायला जातो; बायको म्हणते, रिटायर झालात तरी तपासणी सुटत नाही. मेक्सिकोच्या सीमेलगत अशा वस्त्या शेकड्यांनी आहेत. जमीन विकणाऱ्याने शेताचे तुकडे पाडून हप्त्यावर विकले, पाणी नाही, गटार नाही, रस्ता नाही. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत कागद विकणाऱ्याच्या नावावर. एक हप्ता चुकला की जमीनही गेली आणि तिच्यावर बांधलेल्या खोल्याही. १९९५ मध्ये टेक्सासने कायदा करून याला लगाम घातला. तिथे मी एक घर पाहिलं. पुढची खोली विटांची, गिलावा केलेली, दाराशी बोगनवेल, मधली सिमेंटच्या ठोकळ्यांची, उघडी, मागची प्लायवूडची. घरधनी म्हणाला, ही मोठ्या मुलीच्या जन्माची, ही धाकट्याच्या, आणि मागची यंदा टॅक्सचे पैसे परत आले त्याची. आपल्याकडेही गावात घरं अशीच वाढतात, पडवी बंद करून खोली, खोलीवर माळा. सरकारी पाहणीत तो माणूस घरमालकच. त्याच्या न्हाणीत त्या दिवशी पाणी नव्हतं.

तर करायचं काय. एक संध्याकाळ शेजारी जा. एकटी जा, बोर्डाची म्हणून नको. काहीतरी घेऊन जा; पुरणपोळी घेतलीस तर ती आजी तुला पुपुसा दिल्याशिवाय सोडणार नाही, तोही सारण भरून थापलेलाच प्रकार. भाषेचा प्रश्न आला तर मोठी माणसं मुलीला मध्ये घालतील. छपराचं तिच्याकरवी चालेल, पण बेसमेंटचं बोलणं पोरीच्या तोंडून करवू नकोस. धाकटा भाऊ आणि त्याची बायको यांच्याशीच बोल, मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना.

सुरुवात छपरापासून कर, कारण ते दोघांचं दुखणं आहे. 'आमच्याकडेही तेच प्लायवूड असावं, दोघांनी मिळून माणूस बोलावू या का?' एका माणसाला दोन छपरं लागून मिळाली तर तो भाव कमी करतो. पोकळ आशा देत नाही, काम काही हजारांत जातं. पण त्यांच्यातला कुणी ना कुणी बांधकामात असतो, या देशातल्या बांधकाम मजुरांत तीनातला एक हिस्पॅनिक आहे. तुझ्या छपराचा चांगला माणूस कदाचित त्यांच्याच ओळखीत निघेल.

मग खिडकी. आकडे मी वर दिलेत, टेप घेऊन जा. खोली खिडकीच्या बाजूला हलवता येते का, बाळाला घेऊन ते दोघं वर आणि मोठी मुलं बैठकीत असं काही होतं का, ते त्यांना सुचू दे. बेसमेंटमध्ये, जिन्याशी आणि प्रत्येक झोपायच्या खोलीत स्मोक अलार्म आहे का ते त्याच दिवशी बघ. नसेल तर दुकानातून आण आणि भेट म्हणून लाव. त्याला परमिट लागत नाही. खिडकी कापायला लागतं, आणि परमिटच्या भीतीनेच लोक ती रात्री गुपचूप कापतात. बहुतेक ठिकाणी घरमालकाला स्वतःच्या नावावर परमिट काढता येतं. आम्ही कधी कुणाला कागदपत्रं विचारली नाहीत, खिडकीची मापं विचारली. पण सध्याच्या दिवसांत हे त्यांना पटेलच असं नाही. एच-वन व्हिसावर असताना दारावर अनोळखी माणूस उभा दिसला की तुझ्या पोटात काय व्हायचं ते आठव. कमी उत्पन्नाच्या घरमालकांना दुरुस्तीला मदत करणाऱ्या संस्था आहेत, हीटिंग आणि उष्णतारोधनासाठी १९७६ पासून चालत आलेली केंद्राची योजना आहे. काउंटीच्या हाउसिंग खात्याला फोन करून तू विचार, आणि माहितीचा कागद त्यांच्या हातात दे.

बोर्डाला सांग, ताडपत्रीबद्दल बोलायचं तर एचओएची नियमावली आहे. व्हर्जिनियाच्या कायद्यात रीतसर कळवून, बाजू मांडायची संधी देऊनच दंड लावता येतो, आणि तोही एका चुकीला ५० डॉलर किंवा चालू राहिलेल्या चुकीला दिवसाला १० डॉलरच्या वर नाही, जास्तीत जास्त ९० दिवस. त्या ९०० डॉलरने छप्पर होत नाही, उलट छपराचे ९०० जातात. त्याऐवजी रांगेतल्या सगळ्या अ‍ॅटिकांची एकदा तपासणी करून घ्या. भावाचं म्हणाल तर घर घ्यायला येणारा रांगेतलं छप्पर बघतो, शेजारच्या घरात ताटं किती मांडली ते मोजत नाही.

आणि बोलूनही काही झालं नाही तर? सगळ्यांत अवघड हेच आहे आणि मी तुला गोड उत्तर देणार नाही. एकदा एका बेसमेंटमधून मी पाचजणांचं कुटुंब बाहेर काढलं होतं. खिडकी नव्हती, वॉटर हीटर पलंगाला लागून. नोटीस चिकटवली, कायद्याने बरोबरच होतं. चार दिवसांनी पुन्हा गेलो तर बेसमेंट रिकामं, जिन्यावर लहान मुलाचा एकच बूट. माणसं कुठे गेली ते घरमालकाला सांगता आलं नाही. मला वाटतं याहून वाईट जागी गेली असणार. तरीही त्या वॉटर हीटरशेजारी मी त्यांना झोपू दिलं नसतं. म्हणून सांगतो: दोन-तीन महिने बोलून, मदत करूनही ते बाळ बिनखिडकीच्या खोलीतच झोपत असेल, तर फक्त त्या खोलीबद्दल तक्रार कर, तुझ्या एकटीच्या नावाने, आणि आधी त्यांना तोंडावर सांगून. नऊ हा आकडा त्यात लिहू नकोस.

त्याआधी एक काम या शनिवारी कर. टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतःच्या अ‍ॅटिकमध्ये चढ, पाय फक्त आडव्या लाकडांवर ठेव, आणि त्यांच्या भिंतीलगतच्या चार फुटांत छताच्या प्लायवूडला स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघ. आत गेलं तर मला कळव.